बारा व्होल्ट आले कुठून?

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरात गिटार वाजवणाऱ्या काही मुलामुलींना आता ॲम्प्लिफायर स्वतः बांधायचा नाद लागलाय. एलएम३८६ ही आठ पायांची आयसी, नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, लहानसा स्पीकर आणि दोन-चार कपॅसिटर एवढ्यावर खोलीला पुरेल असा आवाज निघतो. हा नाद मला फार आवडतो, म्हणूनच त्यातल्या शॉकबद्दल आज बोलायचंय.

बॅटरीवरच्या ॲम्पला घाबरू नका. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, त्यातून नऊ व्होल्ट जाणवण्याइतकाही करंट ढकलू शकत नाहीत. पण बॅटऱ्या संपतात, खर्च वाढतो आणि आपण भिंतीतल्या सॉकेटकडे वळतो. तिथे २३० व्होल्ट आहेत, ते उतरवून ॲम्पला बारा व्होल्ट द्यायचे असतात.

इथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हे बारा व्होल्ट आले कुठून? ट्रान्सफॉर्मरमधून आले असतील, तर आतल्या दोन वेटोळ्यांचा एकमेकांशी तारेने संबंध नसतो, म्हणून भिंतीतली वीज थेट ॲम्पमध्ये येत नाही. पण ट्रान्सफॉर्मर न वापरता, नुसता कपॅसिटर लावून व्होल्टेज उतरवणारी स्वस्त सर्किटंही असतात. त्यांच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावला तर बाराच दाखवेल. मात्र दोन पिनांचा प्लग उलटा बसला की त्या सर्किटचा ग्राउंड, म्हणजे सगळ्या भागांची सामाईक वायर, थेट फेजला जोडला जातो. आणि इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून त्याच ग्राउंडला जोडलेल्या असतात. घुरघुर कमी व्हावी म्हणून तशी जोडणी करतात. म्हणजे पावसाळ्यात ओल्या शहाबादी फरशीवर अनवाणी उभं राहून तुम्ही तार धरली, की २३० व्होल्टच हातात घेतलेत. गिटारसाठी असलं सर्किट कधीही वापरू नका. भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) नोंदणी चिन्ह आणि R ने सुरू होणारा क्रमांक असलेला, तयार, सीलबंद ॲडॉप्टर घ्या. नवशिक्यासाठी तोच उत्तम.

ट्रान्सफॉर्मर स्वतः बसवणार असाल, तर तीन पिनांचाच प्लग लावा. फ्यूज आणि स्विच दोन्ही फेजवर हवेत. उद्यमनगरातून पत्र्याचा डबा वाकवून आणलात, तर अर्थची हिरवी वायर त्या पत्र्याला स्क्रूने घट्ट आवळा. मग प्लग भिंतीबाहेर असताना मीटर लावून पाहा: अर्थची पिन आणि डबा यांच्यात जवळजवळ शून्य ओहम दिसले पाहिजेत. डबा उघडताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं. प्लग काढूनच ठेवा.

बारा व्होल्टवर चालणारे काही वाल्व्ह ॲम्पही, म्हणजे काचेच्या नळ्यांचे ॲम्प, असतात. त्यांच्या आतला बूस्ट कन्व्हर्टर व्होल्टेज दोनशेच्या वर नेऊ शकतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. सवय नसेल तर त्यांना हात लावू नका.

घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त होणारे बरेच भेटतात. एमसीबी वायरिंगला वाचवते. माणसाचा जीव घेणारा करंट तिच्या गणतीतही नसतो. माणसासाठी ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी लागते, म्हणजे करंट बाहेर गळू लागला की वीज तोडणारा स्विच. तिच्यावर ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. आज घरी ते दाबून बघा, खटका लगेच पडला पाहिजे. पडला नाही, तर ॲम्प बाजूला ठेवा आणि आधी वायरमनला बोलवा.