मध्यरात्रीचे सोनेगाव

श्रोतेहो, सप्रेम नमस्कार.

विमान कंपनीतली नोकरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही कडक इस्त्रीचा गणवेश आणि हसतमुख हवाई सुंदरी येते. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्यांच्या हातांना मात्र लाखेचा, गोण्यांचा आणि पेट्रोलचा वास असे, आणि त्यांच्या कामाला खरा जोर चढे तो सगळे गाव झोपल्यावर.

1949 साली, रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना, देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री एकेक विमान निघे. ही चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर जमत, टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे शाळेतल्या नकाशात आपण सर्वांनीच पाहिले आहे. पण त्या मध्याचा इतका रोकडा उपयोग दुसऱ्या कुणी केला असेल, असे मला वाटत नाही.

सुरुवातीची विमाने डाकोटा जातीची होती. डाकोटाचे तिसरे चाक शेपटीखाली असते, त्यामुळे जमिनीवर उभे असताना त्याचे नाक वर आणि शेपूट खाली राहते, आणि मालाचे दारही मागच्या अंगाला. म्हणजे दारातून आत घेतलेली प्रत्येक थैली लोडरला चढावरून पुढे ओढत न्यावी लागे. नागपूरच्या मे महिन्यात, दिवसभर उन्हात तापलेल्या धावपट्टीच्या शेजारी, हे काम घड्याळाकडे पाहत करायचे. दिल्लीची थैली चुकून मद्रासच्या विमानात गेली, तर ती परत येईपर्यंत निदान एक दिवस मोडे, म्हणून थैलीवरची चिठ्ठी कंदिलाच्या किंवा बॅटरीच्या उजेडात पुन्हा पुन्हा वाचली जाई.

मला स्वतःला या साऱ्या व्यवहारात सर्वाधिक कुतूहल आहे ते लोडशीटचे. विमान सुटण्यापूर्वी वाहतूक विभागाचा कर्मचारी इंधन, प्रवासी, सामान आणि टपाल यांची वजने मांडून विमानाचा तोल कुठे पडतो हे काढी, आणि कॅप्टन ते तपासून सही करी. संगणक नव्हता; कागद, पेन्सिल आणि पक्के पाढे होते. शेवटच्या क्षणी दहा थैल्या वाढल्या की सारा हिशेब नव्याने, आणि तोही पलीकडे तीन विमाने खोळंबलेली असताना. कारण या व्यवस्थेची गोम अशी होती की पावसाळी ढगांमुळे एक विमान उशिरा आले की चारही शहरांचे टपाल अडे. अशा रात्री प्रतीक्षागृहातल्या पेंगुळलेल्या प्रवाशांची समजूत घालणे, हे थैल्या ओढण्यापेक्षा सोपे काम नसावे.

तिकडे मेकॅनिक इंजिन सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून घेत. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात 14 सिलिंडर गोलाकार मांडलेले असतात, आणि बराच वेळ बंद राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल साचते. ते न काढता इंजिन चालू केले तर आतला दांडा वाकण्याची भीती.

1 ऑगस्ट 1953 रोजी खासगी कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन अस्तित्वात आले. टोपीवरचा बिल्ला बदलला, रात्रपाळी राहिली. त्याच वर्षी 12 डिसेंबरला नागपूरहून निघालेली एक डाकोटा उड्डाणानंतर लगेच कोसळली आणि 13 जण गेले. वैमानिक तेवढा वाचला. ज्यांनी त्या विमानात थैल्या चढवल्या, ज्यांनी प्रवाशांना जिन्यापर्यंत पोहोचवले, त्यांनाही कामाची वेळ झाली की याच मैदानावर उभे राहायचे होते.

पुढे कॉर्पोरेशनकडे व्हायकाउंट विमाने आली. त्यांना नाकाखाली चाक असल्यामुळे फरशी सपाट असे आणि चढावरची ओढाताण संपली. सत्तरच्या दशकात जेट विमाने थेट एका महानगरातून दुसऱ्यात जाऊ लागली, आणि पत्रांसाठी मध्यरात्री नागपुरात उतरण्याचे कारण उरले नाही. नमस्कार.