ओले पॅड आणि चिकट पॅड

मित्रहो, बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील बँडमध्ये क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे ‘पॅड चिकटतंय’ एवढेच सांगून वाद्य माझ्यापुढे ठेवतात. पॅड म्हणजे चावीला, म्हणजे छिद्र उघडमिट करणाऱ्या दांडीला, लावलेली मऊ गादी. पण या एका तक्रारीत दोन निराळी दुखणी असतात आणि एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

इव्हान म्युलर यांनी १८१२ साली पॅरिसमध्ये तेरा चाव्यांची क्लॅरिनेट मांडली, तिच्यात हवा न गळू देणारी मऊ पॅड होती. पॅड मऊ असते म्हणून छिद्र घट्ट मिटते, आणि मऊ असते म्हणूनच पाणी आणि घाणही धरते. सनईवाल्यांना ही कटकट नाही, कारण तिथे बोटच पॅडचे काम करते.

पहिले दुखणे पाण्याचे. फुंकर उबदार आणि दमट असते. ती नळीच्या थंड भिंतीला लागली की तिचे पाणी होते, त्याचा ओघळ वाटेतल्या छिद्रात उतरतो आणि स्वर गुडगुडू लागतो. म्हणून पावसाळा नसला तरी डिसेंबरातल्या गार सकाळी हा त्रास होतोच. अशा वेळी नळीतून फडके ओढून घ्यावे, चावी उघडून छिद्रावर जोराने फुंकावे आणि सिगारेटचा पातळ कागद, त्याची डिंकाची कड कापून, पॅडखाली धरून चावी अलगद मिटावी. दर वेळी कागदाची कोरडी जागा पुढे घेत हे तीन-चारदा करावे.

दुसरे दुखणे साखरेचे. वरातीआधी गोड चहा होतो, बेळगावात कुंद्यालाही कोणी नाही म्हणत नाही, आणि चूळ न भरता वाद्य ओठांना लागते. सॅक्सोफोनची ‘जी शार्प’ (G♯) या स्वराची चावी सर्वांत आधी अडते, याचे कारण असे की बोटाने दांडी दाबल्यावर ती केवळ आपल्या नाजूक स्प्रिंगच्या बळावर उघडते. साखरेचा पातळ थरही तिला धरून ठेवतो आणि ‘जी शार्प’ऐवजी त्याखालचा ‘जी’ (G) हाच स्वर वाजतो.

यावर दहाची नोट पॅडखाली दाबून ओढणे हा उपाय मीही पूर्वी करीत असे. नोट खरखरीत आणि मळलेली असते. क्लॅरिनेटच्या पॅडवरचा तलम पापुद्रा तिने फाटतो. पॅडवर पावडर टाकली, तर ती ओलाव्यात मिसळून तिचा लगदा होतो. साखर पाण्यात विरघळते, तेव्हा घट्ट पिळलेल्या फडक्याच्या टोकाने चामड्याचे पॅड आणि विशेषतः छिद्राची कड पुसावी, मग कागदाने टिपावी. स्पिरिटने चामडे कोरडे पडते.

एवढे करूनही तेच पॅड पुन्हा अडत असेल, तर स्प्रिंग वाकवून कडक करू नये. पॅड फुगले किंवा टणक झाले आहे का ते पाहावे, आणि तसे असल्यास पॅड चिकटवणारी लाख गरम करून ते सोडवून नवे बसवून घ्यावे.