आधी केसपेपरची खिडकी, मग कॉम्प्युटर

(सिंधुदुर्गातल्या नर्सिंग आणि वैद्यकीय शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेत विषय छापलाय तो असा: ‘इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींसाठी विद्यार्थ्यांची तयारी: सहा आठवड्यांचा आराखडा’. आराखडा सांगणार आहे. पण त्याआधी जरा हात वर करा. या सभागृहात १ जूनला जन्मलेले किती? ... बघा, मागच्या दोन रांगा जवळजवळ पूर्ण. अभिनंदन. तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा जन्म आईनं दिला आणि वाढदिवस हेडमास्तरांनी. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, पोराचं वय भरायला हवं, टाका १ जून.

हसलात ते बरं झालं, कारण व्याख्यान सुरू झालंय. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवा, नाव आणि जन्मतारीख, असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावात आपले हेडमास्तर नव्हते. साठीच्या पुढचे रुग्ण १ जूनला शोधून बघा, पडदा खाली सरकवता सरकवता बोट दुखेल. ज्यांना तारीखच ठाऊक नाही ते नुसतं वय सांगतात, मग बरीच सॉफ्टवेअरं आपली आपण १ जानेवारी टाकतात. म्हणजे तारखेच्या रकान्यात एक अंदाज बसलेला असतो, आणि तो अंदाज आहे हे नंतर कुणालाच कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच: इलेक्ट्रॉनिक नोंदींचं शिक्षण कॉम्प्युटर लॅबमध्ये सुरू करू नका. ते केसपेपरच्या खिडकीवर सुरू करा. भावी डॉक्टर आणि भावी सिस्टर, दोघांनाही पहिला आठवडा नोंदणी क्लार्कशेजारी स्टुलावर बसवा. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रात इन्फर्मेटिक्स, म्हणजे आरोग्याची माहिती कॉम्प्युटरवर हाताळण्याचं शास्त्र, हा विषय आला, चांगलंच झालं. पण वर्डमध्ये तक्ता काढणं आणि एक्सेलमध्ये बेरीज करणं म्हणजे आरोग्य नोंद नव्हे. चुकलेली नोंद पुढे कितीही सुंदर पडद्यावर उघडली, तरी चुकलेलीच राहते.

आता नावांकडे येतो, आणि इथं मी रेंगाळणार, आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत पहिलंही बदलतं. पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे काय होतं पाहा. समजा, ती सासरी कणकवलीकडे आहे. तपासण्या तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, सासरच्या नावानं. रक्तगट आरएच निगेटिव्ह, तशी नोंद झाली. सातव्या महिन्यात ती माहेरी राजापूरला गेली. तिथं लहानपणापासून जे नाव ऐकलं तेच तिच्या आईनं खिडकीवर सांगितलं. नवी नोंद, नवा क्रमांक, रक्तगटाचा रकाना कोरा. बाळ आरएच पॉझिटिव्ह निघालं, तर बाहत्तर तासांच्या आत तिला तीनशे मायक्रोग्रॅम अँटी-डी, म्हणजे पुढच्या बाळाला धोका होऊ नये म्हणूनचं इंजेक्शन, द्यायला हवं. समजा, तिथल्या सिस्टर दक्ष होत्या, रक्तगट पुन्हा तपासला, इंजेक्शन दिलं. उत्तम. पण त्याची नोंद राजापूरच्या नावाखाली. दोन वर्षांनी दुसऱ्या खेपेला ती सासरच्याच केंद्रात येते, आणि डॉक्टर विचारतात, ‘अँटी-डी दिलं होतं का?’ ती सांगते, ‘एक सुई दिली होती.’ दोन्ही कॉम्प्युटर चालू, दोन्ही नोंदी आपापल्या जागी बिनचूक, आणि उत्तर कुणाकडेच नाही.

याला दुबार नोंद म्हणतात: माणूस एक, नोंदी दोन. याचा उलटा प्रकार जास्त वाईट, माणसं दोन आणि नोंद एक. एकाच वाडीत एकाच आडनावाची वीस घरं, त्यात चुलत भावांची नावं सारखी, मग घाईत एकाच्या नोंदीत दुसऱ्याचा ईसीजी जाऊन बसतो. दुबार नोंदी शोधून जोडता येतात. मिसळलेली नोंद वेगळी करायची तर प्रत्येक रिपोर्ट हातात घेऊन ‘हा कुणाचा’ असं विचारावं लागतं. विद्यार्थ्याच्या हातात ‘मर्ज’चं बटण कधीही देऊ नका, दुबार वाटली तर त्यानं खूण करावी, जोडायचं काम रेकॉर्ड विभागाचं.

शोधायची रीतसुद्धा शिकवावी लागते. नवी नोंद करण्याआधी तीनदा शोध: मोबाइल क्रमांकानं, मग नावाच्या पहिल्या तीन अक्षरांनी आणि वय दोन-तीन वर्षं मागेपुढे धरून, मग गावानं. इंग्रजी स्पेलिंगवर भिस्त ठेवू नका. सावंतातला ‘व’ कुणी व्ही लावून लिहितं, कुणी डब्ल्यू. गावडे तर चार तऱ्हांनी लिहिता येतात. मोबाइलचंही तसंच. अख्ख्या घराचा नंबर एकच, आणि तो बहुधा मुंबईतल्या मुलाचा. आजी इथं ओरोसला खिडकीपाशी उभी आणि ओटीपी दादरला लोकलमध्ये लोंबकळतोय! विद्यार्थ्यानं विचारायचा प्रश्न असा: ‘हा नंबर कुणाचा? फोन लावला तर कोण उचलेल?’ आणि बायकांना आणखी एक: ‘याआधी दुसऱ्या कुठल्या नावानं केसपेपर काढला होता का?’ हे एक वाक्य शिकवायला दहा मिनिटं पुरतात.

पत्त्याचं सांगतो आणि पुढे जातो. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. चौदा आकडी आभा क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा आरोग्य ओळख क्रमांक आला, पुढे ओपीडीत क्यूआर कोड स्कॅन करून टोकन घ्यायची सोय आली. रांग कमी झाली, हे मान्य करायलाच हवं. पण त्यातला पत्ता बहुधा आधारवरून उचललेला असतो. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी गावी येतात. आठ दिवस शेतात, काजूच्या बागेत, ओहोळात जातात आणि ताप घेऊन तुमच्यापुढे उभे राहतात. स्कॅन केलं की पत्ता येतो नालासोपारा. मग हा लेप्टोचा रुग्ण कुणाच्या खात्यावर मांडायचा? दोडामार्ग तालुक्यात २०१६ साली माकडताप दिसला. तो गोचिडीपासून होतो, तेव्हा कुठल्या गावात, कुठल्या वाडीत, कुणाच्या बागेत हे कळल्याशिवाय आरोग्य सेवक जाणार कुठे? म्हणून स्कॅन झालं तरी विद्यार्थ्यानं विचारायचं, ‘गेले पंधरा दिवस कुठं होता?’ आणि उत्तरात गाव पुरत नाही, वाडी हवी. ‘वरचीवाडी’ एवढंच लिहिलंत, तर अर्ध्या जिल्ह्यात तशा वाड्या सापडतील.

भाषेचं तर विचारूच नका. घाटावरून आलेला इंटर्न रात्रपाळीला आहे आणि मुलगा धावत येऊन सांगतो, ‘आवशीक पान लागलां.’ इंटर्न शोधतोय पानाची ॲलर्जी! इथं पान लागणं म्हणजे सर्पदंश, सापाचं नाव घ्यायचं नाही म्हणून. ‘अंगात कसर आहे’, म्हणजे बारीक ताप वाटतोय, हे ऐकून तापाचा कोड टाकू नका. थर्मामीटर लावा, आकडा लिहा, आणि रुग्णाचे शब्द जसेच्या तसे तक्रारीच्या रकान्यात देवनागरीत ठेवा. कोडसाठी स्नोमेड सीटी ही वैद्यकीय संज्ञांची आंतरराष्ट्रीय यादी आहे, भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, आपल्याला ते वापरायला पैसे पडत नाहीत. पण कोड हे आपलं मत झालं, तक्रार त्याची. दोन्ही वेगळ्या रकान्यांत.

चिठ्ठी आलीय. पंधरा मिनिटं, आणि खाली ‘देवगडची शेवटची एसटी’ असंही लिहिलंय. तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

२०१३ साल, अमेरिकेतलं एक नामांकित रुग्णालय. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. त्याला को-ट्रायमॉक्झाझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध द्यायचं होतं, आपल्याकडे सेप्ट्रान म्हणतात तेच. किलोला पाच मिलिग्रॅम, हिशेब आला १९३. गोळी मिळते १६० ची. फरक पाच टक्क्यांहून जास्त, म्हणून फार्मासिस्टनं डॉक्टरला कळवलं, १६० असं नव्यानं लिहा. डॉक्टरनं १६० टाइप केलं. पण चाळीस किलोच्या आतल्या मुलांसाठी एककाचा रकाना आपोआप ‘मिलिग्रॅम प्रति किलो’वर जायचा, तो तिथंच होता. कॉम्प्युटरनं १६० ला ३८.६ नं गुणलं. आले ६१७६. एका गोळीच्या जागी साडेअडतीस गोळ्या. धोक्याची सूचना झळकली, पण दिवसभर अशा शेकडो झळकतात, म्हणून बंद केली गेली. फार्मसीतही तसंच. यंत्रमानवानं गोळ्या मोजून पुड्या केल्या. सिस्टरनं बारकोड स्कॅन केला, बारकोड म्हणाला बरोबर. बारकोडला विचारलंच मुळी एवढं होतं की ऑर्डरप्रमाणे आहे का. मुलानं सगळ्या गोळ्या घेतल्या, आकडी आली, नशिबानं वाचला.

ही गोष्ट वर्गात सांगायची ती आकड्यांसकट. फळ्यावर गुणाकार करून दाखवा आणि विचारा: साखळीतल्या कुणीही नुसत्या डोळ्यांनी कशाकडे बघितलं असतं तर थांबला असता? हातातल्या ढिगाकडे. आणि लगेच उलटं उदाहरण द्या. सर्पदंशाची लस, म्हणजे अँटीव्हेनम. लहान मुलाला आणि मोठ्याला डोस सारखाच, कारण विष सापाचं असतं, ते मुलाच्या वजनाप्रमाणे कमी होत नाही. सॉफ्टवेअर वजन विचारून डोस लहान करू बघेल. तेव्हा विद्यार्थ्याला औषधशास्त्र आलं पाहिजे, माउस नव्हे.

आता आराखडा, भराभर.

पहिला आठवडा खिडकी, सांगून झालं. दुसरा आठवडा सरावाची प्रणाली. खऱ्या रुग्णांच्या नोंदी सरावाला उघडायच्या नाहीत, बनावट रुग्ण तयार करा. कमीत कमी बारा, आणि त्यात दोन नावं मुद्दाम सारखी. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. सिस्टरांच्या एका लॉगिनवर अख्खा वॉर्ड चालतो, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. असं चालतं तिथं कुणी काय केलं याचा माग पुसलाच म्हणून समजा. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याच आठवड्यात, एक तास.

तिसरा आठवडा वेळेचा. सगळी नोंद एकाच बनावट रुग्णावर, फुरसं चावलेली बाई. दंश सात दहाला, दवाखान्यात आठ चाळीसला. आठ पन्नासला स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त, न हलवता वीस मिनिटं, नऊ दहाला नळी एकदाच तिरकी केली, रक्त गोठलेलं नाही, म्हणजे विष भिनलंय. अँटीव्हेनमच्या दहा बाटल्या, तासाभरात. पुढची नळी सहा तासांनी. आता विद्यार्थी कॉम्प्युटरपाशी पोचतो अकराला, आणि पडद्यावर सगळ्याची वेळ पडते अकरा दोन. सहा तास तिथून मोजले की दुसरी नळी उशिरा लागलीच म्हणून समजा. घडल्याची वेळ आणि लिहिल्याची वेळ हे दोन रकाने आहेत, पहिला हातानं भरायचा. प्लास्टिकच्या नळीत केलेली चाचणी फसवते, तेव्हा नळी कशाची तेही लिहा.

चौथा आठवडा टिपण. कालचं टिपण कॉपी करून आज चिकटवणं बंद. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१७ चा, रोजच्या टिपणांतला जेमतेम अठरा टक्के मजकूर हातानं टाइप केलेला निघाला. बाकीचा चिकटवलेला नाहीतर आपोआप आलेला. चिकटवलं की काल काढलेला कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, आजही ‘आहे’. विद्यार्थ्यानं चार ओळी लिहाव्यात, पण आजच्या. याच आठवड्यात बसायची जागाही शिकवा. पडदा, रुग्ण आणि आपण असा त्रिकोण. रुग्णाकडे पाठ करून टाइप करायचं नाही.

पाचवा आठवडा वीज गेल्याचा. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं, तेव्हा कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूण पाण्याखाली. ‘सर्व्हर डाऊन’ हा आपल्याकडे अपवाद नव्हे, तो ऋतू आहे. एक दिवस न सांगता स्विच बंद करा. कागदी फॉर्म, तात्पुरते क्रमांक आधीच छापलेले मनगटपट्टे, आणि भरती रुग्णांची दर सहा तासांनी निघणारी छापील यादी, हे सगळं एका पेटीत तयार. वीज आली की कागदावरून नोंद चढवायची, चढवणारा एक, ताडून बघणारा दुसरा, आणि तात्पुरता क्रमांक मूळ नोंदीला जोडला की नाही हे तिसऱ्यानं. थर्मल प्रिंटरचे स्टिकर सॅनिटायझरनं आणि उन्हानं उडतात, ते पेटीत नको.

सहावा परीक्षेचा. टेबलावर कॉम्प्युटर, समोर रुग्ण म्हणून बसलेली व्यक्ती, आठ मिनिटं. तिची दुबार नोंद सापडली का, एकक तपासलं का, वाडी विचारली का, लॉगआउट केलं का. टायपिंगच्या वेगाला शून्य गुण.

एसटीवाले उठले तरी चालेल. वीज गेल्यावर काढायची पेटी बाहेर टेबलावर नमुन्याला ठेवली आहे, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, कारण पावसाळ्यात कागद लोळागोळा होतो. उघडून बघा, फोटो काढा. आत आठ पेनं आणि एक टॉर्च आहे. मोजून परत ठेवा.