एक शिवी अडते, दुसरी सुटते, असे का?

नमस्कार. गेल्या महिन्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या विद्यार्थिनीशेजारी मी बसले होते. तिने शोधयंत्राच्या चौकटीत आपल्या जातीचे नाव देवनागरीत लिहिले आणि एरवी लगेच उघडणारी सूचनांची यादी उघडलीच नाही. तेच नाव इंग्रजी अक्षरांत लिहिल्यावर मात्र त्या जातीवरचे विनोद सुचवले गेले. "मॅडम, माझ्या दाखल्यावरचं नाव शिवी आहे का?" असे तिने विचारले आणि फोन पालथा ठेवला.

लिहिता लिहिता शब्द सुचवण्याची ही सोय गूगलने डिसेंबर २००४ मध्ये प्रयोग म्हणून सुरू केली. लोक पूर्वी काय शोधत होते, यावरून सूचना घडतात, त्यामुळे लोकांच्या मनातले अभद्रही वर येते आणि गाळणी लावावी लागते. ही गाळणी फक्त सूचना अडवते. शब्द पूर्ण लिहून शोधला तर निकाल दिसतातच.

मराठीत ती कुठे फसते, हे 'भिकाऱ्या' या एका शब्दावर पाहू. यातल्या 'ऱ्य'मधला अर्धा र एक कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहितो, तर दुसरा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह मिळून तयार करतो. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे दिसतात, पण संगणकासाठी त्या दोन वेगळ्या अक्षरमाळा आहेत, म्हणून अडवायच्या शब्दांच्या यादीत एकच रूप असेल आणि तुलना करण्याआधी दोन्ही एकसारखी करून घेतली नसतील, तर दुसरे सहज निसटते. त्यातच आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: भिकाऱ्याला, भिकाऱ्यांनो, भिकारड्याने. इंग्रजी अक्षरांत तर प्रत्येकाचे स्पेलिंग निराळे.

यावर उपाय म्हणून गाळणी बारीक केली, की निरपराध शब्द अडकतात. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या रहिवाशांना एओएल या इंटरनेट सेवेवर खाती उघडता येईनात, कारण गावाच्या नावात एक अश्लील शब्द दडलेला होता. तिथे निदान तो अक्षरांचा योगायोग होता. आपल्याकडे अनुसूचित जातींच्या यादीतली काही नावेच शिवी म्हणून वापरली गेली आहेत, आणि असा अपमान अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण तेच नाव जातप्रमाणपत्रावर, शासन निर्णयात आणि वसतिगृहाच्या अर्जातही असते. नुसता शब्द पाहणाऱ्या यंत्राला शिवी देणारा आणि दाखला शोधणारा यांतला फरक कळत नाही. तो कळायचा असेल, तर मराठी जाणणारी आणि या नावांचा इतिहास माहीत असलेली माणसे तपासणीला बसवावी लागतील, असे माझे ठाम मत आहे.

मे २०१३ मध्ये जर्मनीच्या संघीय न्यायालयाने गूगलच्या खटल्यात असे ठरवले, की एखादी सूचना कोणाचे हक्क डावलते हे कळवल्यानंतर ती थांबवण्याची जबाबदारी कंपनीवर येते. म्हणून कळवणे महत्त्वाचे आहे. त्या मुलीने अभ्यासिकेतच विनोदांची तक्रार नोंदवली. आपल्या जातीचे नाव गाळले गेल्याचीही तक्रार तिला करायची होती; परंतु तक्रारीच्या त्या अर्जात दिसलेल्या सूचनेवरच बोट ठेवता येत होते, न दिसलेल्या सूचनेसाठी रकानाच नव्हता.