हरवल्याची तक्रार न झालेली मुलं
(नाशिक येथे ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस पाटील यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मानवी तस्करीचा आकडा हवा असला की आपण एनसीआरबीचा, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, वार्षिक अहवाल उघडतो. पण त्यात नोंदवलेले गुन्हे असतात, घडलेली तस्करी नव्हे. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली, तर गुन्ह्यांच्या मुख्य तक्त्यात सर्वांत गंभीर कलमच धरलं जातं. त्यामुळे आकड्यांत शून्य दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका.

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातलं प्रकरण उघडकीला आलं. कातकरी कुटुंबांतली लहान मुलं थोडे पैसे आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या वळायला पाठवली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत एफआयआर बंधनकारक केला आहे. मूल चार महिन्यांत सापडलं नाही, तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे द्यायचा असतो. व्यवस्था चांगली आहे, पण ती सुरू व्हायला कुणीतरी ठाण्याची पायरी चढावी लागते. इथे मुलं आईबापांनीच गरिबीपायी पाठवलेली. तक्रार कोण देणार?

म्हणून माहिती ठाण्याच्या अलीकडे गोळा करायला हवी, आणि ती तुमच्याच दप्तरात असते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरची कुटुंबं हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत किंवा ऊसतोडीला जातात. हजेरीपटावर त्यांच्या मुलांपुढे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडतो. घरच्यांबरोबर गेलेलं मूल आणि एकटं पाठवलेलं मूल, दोघांनाही तोच शेरा! माझा आग्रह एका जादा रकान्याचा आहे: कोणाबरोबर गेलं? कुटुंबाबरोबर जाणाऱ्या मुलाला शाळेचं शिक्षण हमी कार्ड देता येतं, म्हणजे जिथे जाईल तिथल्या शाळेत शिक्षण सुरू राहतं. आईबाप पाड्यावर आणि मूल मात्र नाही, ही धोक्याची खूण समजा. ‘मामाकडे गेलंय’ हे उत्तर लिहून थांबू नका. मामाचं गाव विचारा, फोन लावायला सांगा, मुलाशी स्वतः बोला. बोलणं झालं नाही तर त्याच दिवशी 1098 या बालकांच्या मदतक्रमांकावर कळवा.

मूल सापडल्यानंतरची नोंद तर फार निष्काळजीपणे होते. ‘अज्ञात इसमाने कामास नेले, रा. पेठ’ एवढ्यावर तपास पुढे सरकत नाही. तालुका नको, पाड्याचं नाव लिहा. मजूर नेणाऱ्या मुकादमाचं टोपणनाव आणि मोबाइल नंबर लिहा. कुठून कुठे नेलं, कुठे मुक्काम झाला, गाडी कुणाची, हे क्रमाने लिहा. वय ‘अंदाजे 14’ लिहिलंत तर अंदाज कशावरून तेही लिहा. आधारवर 1 जानेवारी ही जन्मतारीख असेल तर शाळेचा दाखला तपासा, कारण जन्माचा पुरावा नसला की बऱ्याचदा हीच तारीख पडते. आणि उचल, म्हणजे कामाआधी दिलेली आगाऊ रक्कम, किती, कुणी, कुणाच्या हातात दिली, हे विसरू नका. 1976 च्या वेठबिगार कायद्यात, मजुराने वेठबिगारीचं कर्ज असल्याचं सांगितलं की ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकारावर येते. उचलीची नोंदच नसेल, तर या तरतुदीचा आधार घ्यायचा कसा? वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र अडतं, आणि त्यामागून मिळणारी 30,000 रुपयांची तातडीची मदतही.

आता जोडणीचं. एकाच मुलाची नोंद पोलिसांच्या सीसीटीएनएस या संगणकीय प्रणालीवर, मिशन वात्सल्य या बालसंरक्षण योजनेच्या पोर्टलवर, मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीच्या फाइलमध्ये आणि कामगार खात्यात वेगवेगळी पडते. एकीकडे नाव देवनागरीत, दुसरीकडे रोमनमध्ये. ‘वाघ’ आणि ‘वाघे’ ही दोन मुलं ठरतात. यावर साधा इलाज आहे: मुलाला 24 तासांत समितीपुढे हजर करताना एफआयआर क्रमांक समितीच्या आदेशावर आणि आदेशाचा क्रमांक पोलिसांच्या केस डायरीत (तपासाच्या रोजनिशीत) लिहायचा. नावं जुळली नाहीत तरी क्रमांक जुळतात.

उलट बाजूची चूकही आपल्याच जिल्ह्याने पाहिली आहे. मे 2023 मध्ये दानापूर-पुणे गाडीतून मनमाड आणि भुसावळ इथे मिळून 59 मुलं उतरवली गेली. तस्करीचा गुन्हा नोंदला, अटकाही झाल्या. पण ती मुलं बिहारहून सांगलीच्या मदरशात शिकायला निघालेली होती. पुढे तपासात तस्करी आढळली नाही आणि 2024 मध्ये प्रकरण बंद झालं. तोवर मुलांना घरापासून दूर बालगृहात राहावं लागलं, त्यांच्यासोबतच्या माणसांना कोठडीत. म्हणून ‘सुटका’ हा एकच रकाना मला मान्य नाही. ताब्यात घेतलेली किती, तस्करी निष्पन्न झालेली किती, घरी पोहोचलेली किती, असे तीन आकडे वेगळे ठेवा, आणि तपासाचा निकाल आला की जुनी नोंद दुरुस्त करा.

शेवटचं, यादीबद्दल. मुलांची नावं, फोटो, पाडा असलेला तक्ता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बैठकीत फक्त संख्या वाचा. नावांची वही कुलपात ठेवा, आणि किल्ली कुणाकडे आहे हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.