हेल्मेटमधला टॅग काय सांगतो?

श्रोतेहो, नमस्कार. वीस मजल्यांच्या कामावर दीडशे माणसं असली, की बाराव्या मजल्यावर आत्ता कोण आहे हे मुकादमालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. स्लॅबखाली जीपीएस चालत नाही. म्हणून हेल्मेटमध्ये ब्लूटूथचा टॅग बसवतात. तो दर एक-दोन सेकंदांनी आपला क्रमांक हवेत सोडतो. मजल्यामजल्यावर तो ऐकणारे रिसीव्हर लावलेले असतात. ज्या रिसीव्हरला तो सर्वांत जोरात ऐकू येतो, त्याच्या भागात माणूस आहे असं धरतात.

धरतात, एवढंच. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की संदेश सहा डेसिबलनं उतरतो, पण साइटवर हे गणित कोलमडतं. सळया आणि अ‍ॅल्युमिनियमचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, लहरी परतवतात, अंगातलं पाणी त्या शोषतं. गवंडी नुसता पाठमोरा झाला तरी लांब गेल्यासारखा दिसतो. तेव्हा मीटरचा हट्ट सोडा. ‘बारावा मजला, जिन्याची बाजू’ एवढं पुरे. संदेशाच्या जोराच्या दहा-पंधरा सेकंदांच्या नोंदींतली मधली किंमत घ्या आणि नवा भाग अर्धा मिनिट टिकला तरच बदल माना.

सर्वांत चिवट चूक मजल्याची. डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, संदेश वर चढतो आणि अकराव्यावरचा माणूस तेराव्यावर उमटतो. यावर उपाय म्हणजे टॅगमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर. एक मीटर वर गेलं की दाब सुमारे 12 पास्कलनं घटतो, म्हणजे तीन मीटरच्या मजल्याला साधारण 36. मात्र दिवसभरात हवेचा दाब आपसूकच याहून जास्त बदलतो. म्हणून तळमजल्यावर दुसरा सेन्सर ठेवून फरकच वापरायचा.

रिसीव्हरची वीज बहुधा तात्पुरत्या बोर्डावरून घेतलेली असते. बोर्ड हलला की रिसीव्हर मुका होतो आणि अख्खा मजला गैरहजर दिसतो. अशा वेळी ‘माहिती नाही’ अशीच नोंद हवी. त्यावरून कुणाचा खाडा मांडू नये. उलट चार टॅग दिवसभर अगदी चिकटून फिरताना दिसले, तर एकच गडी चार हेल्मेटं घेऊन हिंडत नाही ना, हे बघून यावं.

आता कामाचा वेग. जागेवर असणं म्हणजे काम करणं नव्हे. गवंडी सिमेंट-वाळूच्या मसाल्याची वाट बघत उभा असेल. इंजिनीअरनं अधूनमधून फेरी मारून ‘काम, वाहतूक, वाट बघणं’ अशी नोंद ठेवली, तरच टॅगच्या आकड्यांना अर्थ येतो. टॅग चोख दाखवतो ती लिफ्टसमोरची रांग. सकाळी बारा माणसं पंधरा-पंधरा मिनिटं थांबली, तर तीन मनुष्यतास गेले. यात दोष कामगाराचा नाही, लिफ्टच्या वेळापत्रकाचा आहे. माल आणि माणसं यांच्या वेळा आधी वेगळ्या करा.