पांदणीत हरवलेली घोडी

मंडळी, मी पडलो तेव्हा घोडी जेमतेम दोन शेतं पलीकडे उभी होती. हरवली ती आम्ही शोधायला लागल्यावर.

नागपूरबाहेर काटोल रोडनं फेटरी गावाच्या पुढे पांदणीनं रपेट चालली होती. नोव्हेंबरातली सकाळ, कापसाची वेचणी सुरू, तूर माणसाच्या डोक्याइतकी वाढलेली. त्या तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, धाडकन बाहेर आला. घोडी आडवी सरली आणि मी ढेकळांत.

पडणाऱ्यानं आधी स्वतःकडे बघावं. गुंगी, उलटी, मानेत कळ असं काही असेल तर घोडा राहू द्या, १०८ला फोन लावा. हेल्मेटला मार बसला असेल तर बाहेरून धड दिसलं तरी ते टाकून द्या. मी यातलं काहीच केलं नाही. फोन करून चार पोरांना मोटारसायकली घेऊन बोलावलं!

घोडा पळतो तो भीतीनं. भीती सरली की तो बहुधा थांबतो, वळून बघतो. आमची थांबलीच होती. मागून इंजिनं वाजली, तिच्या लेखी चार रोही आले. ती चौखूर उधळली ती तुरीत दिसेनाशी झाली. त्या भागात बिनकठड्याच्या विहिरी आहेत, पिकांभोवती झटका मशीनच्या, जनावरांना विजेचा झटका देणाऱ्या, तारा आहेत. माझ्या पोटात गोळा आला.

तासाभरानं घोड्यांची निगा राखणारा आमचा मोतद्दार चंदीची, म्हणजे घोड्याच्या खुराकाची, बादली घेऊन आला. आल्या आल्या त्यानं गाड्या बंद करवल्या. शेतकऱ्यांना विनवून तारांचा करंट बंद करायला लावला. मग ती शेवटची दिसली होती तिथून खाली बघत निघाला. काळ्या ओलसर मातीत नालेचा ठसा छान उठतो. धावत्या घोड्याचा खूर पुढून रुततो, माती मागे उडते. चालत्याचा ठसा सपाट पडतो. एका बांधापाशी ठसे सपाट झाले. तो म्हणाला, ‘‘आता ती पळत नाही, कुणाला तरी शोधते आहे.’’

एकट्या घोड्याला सोबत हवी असते, नाहीतर पाणी, नाहीतर घर. तबेला जवळ असता तर ती दाराशी सापडली असती. पण तबेला हुडकेश्वरला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि तिला ट्रकातून आणलेलं. तरी ट्रकापाशी एक माणूस बसवला. आम्ही नाल्याच्या कडेनं गेलो. तिथं एक गुराखी भेटला. ‘‘घोडं होय? घंटाभर झाला, आमच्या बैलाइपाशी उभं हाय.’’

खरंच, संत्र्याच्या बागेमागच्या गोठ्याशी ती बैलांत मान घालून उभी! खोगीर सरकून पोटाखाली आलेलं, एक रिकीब, पाय ठेवायची कडी, लोंबते आहे. मी धावणार, तर मोतद्दारानं दंड धरला. घोड्याला शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं जवळचं दिसत नाही, बाकी जवळपास सगळं दिसतं. म्हणून तो खांद्याच्या बाजूनं, तिच्याकडे न बघता, बादलीतले चणे खुळखुळवत गेला. तिनं तोंड घातलं, त्यानं तोंडावरची म्होरकी धरली. मला म्हणाला, ‘‘आता तंग, खोगिराचा पट्टा, सोडा. हळू, रिकीब पायाला लागू देऊ नका.’’

लगाम तुटलेला होता. नवा, महागाचा. मी कुरकुरलो.

‘‘पायात अडकून तुटलाय साहेब,’’ तो तिचा पुढचा पाय चाचपत म्हणाला. ‘‘तुटला नसता तर ही इथवर आली नसती.’’